पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कुठलाही सरकारी अर्ज घ्या. नावाखालचा रकाना पत्त्याचा असतो. त्यातही दोन भाग असतात, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. मी बी. ए. झालो आणि उभं आयुष्य कारकुनी केली. कविता लिहिल्या त्या कारकुनीतून उरलेल्या वेळात. त्यामुळे अर्जांशी माझा संबंध कवितेपेक्षा जुना. कधी कधी एखाद्या अर्जावर पत्ता म्हणून लिहिलेलं असायचं, 'पुलाखाली', 'देवळामागे', 'एस. टी. स्टँडजवळ'. अशा पत्त्यावर पोस्टमन पत्र टाकणार नाही. पण तो माणूस मात्र रात्री त्याच जागी हमखास सापडेल. आज मला बोलायचं आहे ते या माणसांबद्दल, आणि त्यांच्यासाठी भांडणाऱ्या मंडळींबद्दल.

या माणसांना आपण 'बेघर' म्हणतो. शब्द मोठा मजेशीर आहे. 'बे' आला फारसीतून आणि 'घर' आलं संस्कृत-प्राकृताच्या वाटेनं. दोन दिशांनी आलेल्या भाषा मराठीच्या अंगणात भेटल्या आणि त्यांनी मिळून एक शब्द केला. ज्याच्या घरात एका भाषेत दुवा मागितली जाते आणि दुसऱ्या भाषेत भाजीचा भाव केला जातो, अशा माझ्यासारख्याला हा शब्द आपला वाटतो. पण या 'बे'ची भावंडंही बघा. बेकार, बेदखल, बेपत्ता, बेवारस. बेघर माणसाच्या पाठीमागे हे चारही शब्द लागतात. दिवसभर राबला तरी लोक त्याला बेकार समजतात. झोपल्या जागेवरून तो बेदखल होतो. गावाकडच्यांच्या लेखी तो बेपत्ता असतो. आणि मेला, की पोलिसांच्या कागदावर त्याची नोंद होते, बेवारस.

अशी माणसं किती? आपल्या जनगणनेत त्यांच्यासाठी एक वेगळी रात्र राखलेली असते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वेच्या फलाटावर, देवळाच्या मंडपात आणि जमिनीत घालायला आणून ठेवलेल्या मोठ्या सिमेंटच्या पाइपातसुद्धा राहणाऱ्यांना त्या रात्री मोजायचं होतं. देशभरात आकडा आला १७ लाख ७३ हजार. महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. एकट्या मुंबईत ५७ हजार ४१६. २००१ मध्ये देशाचा आकडा १९ लाख ४३ हजार होता, म्हणजे दहा वर्षांत तो कमी झाला. पण समाधान मानू नका. शहरांतला आकडा याच दहा वर्षांत ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला. गावाच्या पारावर झोपणारा माणूस शहराच्या पुलाखाली आला, असा याचा साधा अर्थ. शिवाय या कामातले कार्यकर्ते सांगतात, की एका रात्रीत ही मोजणी पुरी होत नाही. रात्री दोनला बाजारात माल उतरवणारा हमाल, केटरिंगच्या कामाहून पहाटे परतणारा पोरगा, पोलिसाला घाबरून आडोशाला गेलेली बाई, यांना कोण मोजणार?

२००२ च्या सप्टेंबरात वांद्र्याला एका बेकरीबाहेर झोपलेल्या कामगारांवर मोटार चढली. एक जण गेला, चौघे जखमी झाले. पुढची कित्येक वर्षं त्या खटल्याच्या बातम्या येत राहिल्या आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी विचारायचं, 'पण फुटपाथवर झोपायचं कशाला?' प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. पण उत्तर आहे, आणि ते साधं आहे. काम जिथे, झोप तिथे.

आपल्या शहरात पहाटेची फुलं, दूध, मासळी आणि भाजी आपोआप येत नाही. लग्नाच्या हॉलमधली ताटं आपोआप उचलली जात नाहीत. नाक्यावर सकाळी आठला जो उभा राहील त्याला काम मिळतं. नऊला पोचणाऱ्याला मिळत नाही. मग विरारहून किंवा कर्जतहून रोज येण्याचं भाडं आणि वेळ कुठून आणायचा? खोलीची पागडी किंवा डिपॉझिट तर त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नसतं. घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. या माणसांना ते स्वप्नात पाहायलासुद्धा पाठ टेकायला जागा लागते.

आणि सगळेच कामासाठी आलेले असतात असं नाही. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर जाऊन बघा. बिहार, बंगाल, विदर्भातून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर चादर अंथरून तपासणीच्या तारखेची वाट पाहत असतात. गावात त्यांचं घर आहे. इथे ते बेघर आहेत. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका आहेत. मुलांनी बाहेर काढलेले म्हातारे आहेत. आणि पारधी आहेत. इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि अशा अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची सोय केली. तो कायदा स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये रद्द केला, पण शिक्का काही पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पहिल्यांदा पालावर धाड. मग ही कुटुंबं मुंबईच्या सिग्नलला येतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. पण विंचवाला कुणी दर आठवड्याला हाकलत नाही.

मलाही हाकलणं थोडंसं ठाऊक आहे. तरुणपणी शहरात भाड्याची खोली शोधत होतो. जागा रिकामी असायची, बोलणं जमायचं, मराठी ऐकून मालक खूशही व्हायचे. मग नाव सांगितलं की जागा 'कालच गेलेली' असायची. चार-पाच ठिकाणी असं झालं. पण मी त्याला बेघर होणं म्हणत नाही. माझ्या मागे गावातलं घर होतं, आईनं लिंपलेली ओटी होती. दार बंद होणं वेगळं आणि आयुष्यात दारच नसणं वेगळं. फरक कळावा म्हणून सांगितलं.

आता भांडणाऱ्या मंडळींकडे येतो. या भांडणाचा मोठा अध्याय मुंबईतच लिहिला गेला. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं, की फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी परत पाठवायचं. झोपड्या मोडल्या गेल्या, माणसं बसमध्ये भरली गेली. त्यातला एक माणूस १९६१ साली दुष्काळामुळे तामिळनाडूतल्या सेलमहून मुंबईत आला होता आणि एका रासायनिक कारखान्यात रोजंदारीवर होता. त्याच्या कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो मात्र कामासाठी पुन्हा मुंबईत आला. हे मी कथेतलं सांगत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिलेलं सांगतो. पत्रकार ओल्गा टेलिस, काही नागरी हक्क संघटना आणि खुद्द फुटपाथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी निकाल लागला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपले पुण्याचे.

या निकालात एक मोठी गोष्ट घडली. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात जगण्याचा हक्क आहे. न्यायालयानं सांगितलं, की जगण्याच्या साधनांशिवाय जगण्याचा हक्क पोकळ आहे, म्हणून उपजीविकासुद्धा त्या हक्कात येते. फुटपाथवरून उठवलं की काम जातं आणि काम गेलं की जगणं जातं, हा युक्तिवाद मान्य झाला. पण निकाल इथे संपला नाही. फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाही नाही, महापालिका लोकांना हटवू शकते, फक्त पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावं, असंही न्यायालयानं म्हटलं. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद होती त्यांना मात्र पर्यायी जागा द्यायची होती. तत्त्वात जिंकलेले लोक जागेवर हरले. आज जगभर कायद्याचे विद्यार्थी हा निकाल अभ्यासतात. ज्यांच्यामुळे तो लागला त्यांच्या डोक्यावर त्या निकालानं छप्पर आलं नाही.

तेव्हा काही लोकांनी ओळखलं, की नुसत्या निकालानं भागायचं नाही. भायखळा भागात १९८४ साली 'स्पार्क' ही संस्था सुरू झाली होती. १९८५ मध्ये तिनं फुटपाथवासीयांची पाहणी केली. अहवालाच्या नावाचा अर्थच होता 'आम्ही अदृश्य माणसं'. माहिती गोळा करणाऱ्यांत फुटपाथवरचेच लोक होते. मग बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं. या बायकांनी रोज रुपया-दोन रुपये वाचवले. आपल्याला घर कसं हवं ते लाकूड-कापडाचं पूर्ण आकाराचं घर उभारून सरकारी अधिकाऱ्यांना दाखवलं. उंच छत हवं, म्हणजे आत माळा टाकता येतो आणि वाढत्या संसाराला जागा होते, हे त्यांनी वास्तुशास्त्र्यांना शिकवलं. झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम या कामात त्यांच्याबरोबर होते. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवरच्या झोपडीवाल्यांनाही पात्र धरलं गेलं आणि पुढे मानखुर्दला 'मिलन नगर' उभं राहिलं. दहा-वीस वर्षं वाट पाहावी लागली, पण फुटपाथवरच्या बायकांच्या हातात किल्ली आली. मोजायचं, जमायचं, वाचवायचं आणि मग मागायचं, असा तो रस्ता होता.

पण ज्यांच्याकडे फुटपाथवरची झोपडीही नाही, जे रोज अंथरतात आणि रोज गुंडाळतात, त्यांचं काय? त्यांच्यासाठी दिल्लीत 'आश्रय अधिकार अभियान'सारखे गट २००० च्या सुमारास उभे राहिले. मुंबईत 'पहचान'सारख्या संस्थांनी रात्री रस्त्यावर फिरून काम केलं. २००९ च्या डिसेंबरात, दिल्लीच्या थंडीत, पुसा रोडजवळचा एक तात्पुरता निवारा हटवला गेला आणि गदारोळ झाला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवाऱ्यांबाबत आदेश दिले. निकष ठरला, शहराच्या दर लाख लोकवस्तीमागे १०० बेघरांना पुरेल असा कायमचा निवारा. तोही वर्षाचे बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास उघडा. २०१३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात यासाठी योजनाच आणली. तिच्या नियमांत पाणी आणि संडास होते, सामान ठेवायला कपाट होतं, बायकांसाठी आणि कुटुंबांसाठी वेगळी सोय होती.

आता साधा हिशेब करू. मुंबईची २०११ ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. दर लाखाला १०० प्रमाणे निवारे हवेत साधारण १२ हजार ४०० माणसांसाठी. आणि सरकारनंच मोजलेले बेघर ५७ हजार. म्हणजे नियम शंभर टक्के पाळला, तरी पाचातल्या एकालाच जागा मिळणार. प्रत्यक्षात नियम तरी कुठे पाळला गेला? जागा नाही, हे ठरलेलं कारण असतं. मुंबईत जागा नसते हे खरं. पण ती कुणासाठी नसते आणि कुणासाठी निघते, हे आपण सगळे जाणतो. जे निवारे झाले तेही बहुधा कामापासून लांब, आणि बरेच फक्त पुरुषांसाठी. नवरा इकडे, बायको-मुलं तिकडे, अशी विभागणी करून कोण जाईल? मग निवारा रिकामा दिसतो आणि अहवालात लिहिलं जातं, की बेघरांनाच यायचं नसतं.

निवारा कमी, पण शिक्षेची तरतूद भरपूर. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात भिकाऱ्याच्या व्याख्येत तोही बसतो, ज्याच्याकडे उपजीविकेचं दिसणारं साधन नाही आणि जो सार्वजनिक जागी भटकताना आढळतो. म्हणजे हात पसरायचीही गरज नाही. फाटके कपडे घालून उभं राहिलं तरी पुरे. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबायची तरतूद त्यात होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिल्लीपुरती यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयानं ती मानली नाही. उच्चभ्रूंच्या चष्म्यातून आम्ही याकडे पाहणार नाही, असा त्याचा आशय होता. त्या पीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, १९८५ चा निकाल देणाऱ्या यशवंतरावांचे चिरंजीव. आणि १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयानं निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय कुणाचं घर पाडता येणार नाही असं बजावलं. पण हा दिलासा ज्याच्याकडे पाडण्यासारखं घर आहे त्याला. फुटपाथवरच्या गोधडीला नोटीस कोण देतो?

काही वर्षांपूर्वी या कामातल्या दोन तरुण कार्यकर्त्यांबरोबर मी रात्री भायखळ्याकडे फिरलो. पुलाखाली एक बाई होती, लिंबू-मिरच्या ओवून विकणारी. तिच्याजवळ दोन पिशव्या. एकीत भांडी, ती उघड्यावर. दुसरी प्लास्टिकची, ती पोटाशी. तिच्यात मुलाच्या शाळेचा दाखला, एक रेशन कार्डाची झेरॉक्स आणि नवऱ्याच्या मृत्यूचा कागद.

"मावशी, भांडी नाही सांभाळत एवढी?" मी विचारलं.

"भांडी परत घेता येत्यात बाबा," ती म्हणाली. "मागच्या टायमाला गाडी आली, समदं उचलून नेलं. कागद बी नेले. ते काढायला दोन वरसं गेली."

कार्यकर्त्याच्या हातात मतदार नोंदणीचा अर्ज होता. त्यानं पत्त्याच्या जागी पुलाचं नाव आणि खांबाचा क्रमांक लिहिला. मला नवल वाटलं. तेव्हा त्यानं निवडणूक आयोगाची सूचना सांगितली. बेघर माणसाकडे राहण्याचा पुरावा नसेल, तर मतदान केंद्राच्या अधिकाऱ्यानं रात्री त्या जागी जाऊन खात्री करायची, की हा माणूस खरोखर इथेच झोपतो. एकापेक्षा जास्त रात्री जायचं. तो तिथे सापडला, की दुसरा पुरावा लागत नाही. आयुष्यभर मी अर्ज तपासले, पण इतका माणुसकीचा नियम क्वचित पाहिला. माणसाचं झोपणं हाच त्याचा पुरावा. त्या तरुणाचं निम्मं काम म्हणजे हा नियम खिडकीमागच्या लोकांना वाचून दाखवणं हे होतं. बँकेचं खातं, रेशन, शाळेतला प्रवेश, दवाखान्याचा केसपेपर, सगळीकडे आधी पत्ता मागतात. मोर्चे, घोषणा आपल्याला दिसतात. पण या संस्थांचं खरं काम एकाच खिडकीवर सहा-सहा वेळा जाण्यात आहे.

असं काम महाराष्ट्राला नवं नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर स्वतःसाठी घर बांधलं नाही. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. पण पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आहे, तसा बेघराला आसराही आहे. दादरला त्यांच्या नावानं चालणाऱ्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. आमच्याकडे जकात कुणाला द्यावी याचे आठ वर्ग सांगितले आहेत, त्यात एक वाटसरूचा आहे. वाट चुकलेला, पैसे संपलेला, घरापासून लांब पडलेला माणूस. त्याची जात-जमात विचारण्याआधी त्याची वाट बघा, असं मी त्यातून समजलो.

आणि मराठी कवितेनं तर हे विसरूच नये. नारायण सुर्वे मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं मूल होतं. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं ते उचललं, घरी नेलं, नाव दिलं. गंगाराम गावी परतल्यावर तो पोरगा पुन्हा रस्त्यावर आला आणि या शहराच्या आधारानं वाढला. ते मूल त्या दिवशी तसंच पडून राहिलं असतं तर? आज पुलाखाली जे मूल झोपलं आहे त्याच्यात कोण आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. पण ते कवी होईल म्हणून त्याला छप्पर द्यायचं नाही. ते मूल आहे, एवढंच कारण पुरे.

तुम्ही-आम्ही काय करायचं? थंडीत ब्लँकेट वाटणं चांगलंच आहे, जरूर वाटा. पण ब्लँकेट पावसात भिजतं, आणि गाडी आली की जातंही. आपल्या नगरसेवकाला विचारा, आपल्या वॉर्डात निवारा कुठे आहे, किती माणसांचा आहे, बायकांना जागा आहे का. निवारा आपल्या गल्लीत होणार म्हटल्यावर सह्यांची मोहीम निघते. तिच्यावर सही करू नका.

आणखी एक. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी निवारा बांधला जात नाही. तेव्हा प्रगणक तुमच्या भागात येतील, त्यांना सांगा, की बँकेच्या पायऱ्यांवर एक म्हातारा झोपतो, रात्री अकरानंतर येतो. सिग्नलपाशी एक कुटुंब आहे, तिघं मुलं आहेत, ती माणसं पहाटे पाचला कामावर जातात. ही माहिती कुठल्याही कार्यालयात नाही. ती त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्या तुमच्यापाशी आहे.